सोबतीचा खडा

मद्रास,
ता. ६ मे १९५४

ती. अक्का,

नमस्कार. आम्ही तिघंही सुखरूप मद्रासला पोचलो. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, नाहीतर तू पत्र शेवटापासून वाचायला सुरुवात करतेस आणि मधलं सगळं वाया जातं.

तू बांधून दिलेल्या दशम्या बेंगळूरपर्यंत पुरल्या. चटणी वसंतानं एकट्यानं संपवली आणि नंतर पाण्यासाठी प्रत्येक स्टेशनावर पळापळ केली. पंधरा वर्षांचा घोडा झालाय, पण गाडी सुटायची शिट्टी झाल्याशिवाय डब्यात चढायचं नाही असा नेम केलाय त्यानं. मी ओरडून ओरडून थकलो. नंदू मात्र शहाण्यासारखी खिडकीशी बसून असते. कॉलेजात जायच्या वयाची मुलगी, बोलणं मुळातच कमी, आता आणखी कमी झालंय.

कोल्हापूर स्टेशनावर तू जो गोंधळ घातलास त्याची नक्कल वसंता अजून करतो. "तिगं न्हाई निघायचं परमुलखाला! खडा घे की रं एक संगट, चौथा म्हणून!" हमालांनी ओझी खाली ठेवून ऐकलं. वीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाकडून तीन माणसं अधिक एक दगड बरोबर चार असं कबूल करून घेतलंस. मी कोटाच्या खिशातून खडा काढून दाखवला तेव्हा कुठं तुझा आवाज खाली आला. "आदीच घेतलाय व्हय? शाणा झालास की मास्तर!" म्हणालीस. पोरं हसली. त्यामुळं निघताना कुणी रडलं नाही, हे एक बरं झालं.

आता एक गंमत सांगतो. मिरजेला गाडी बदलली. तिसऱ्या वर्गाचा डबा, त्यात लग्नसराई, पाय ठेवायला जागा नाही. आम्ही तिघं एका बाकावर चेपून बसलो, आणि समोरची खिडकीची जागा रिकामी! माणसं उभी राहून पेंगत होती, पण तिथं कुणी बसेना. बेळगावला एक म्हातारी वेताची बुट्टी घेऊन चढली. मी म्हटलं, "बसा की आजी, जागा हाय." तिनं तिकडं पाहिलं आणि बुट्टी खाली ठेवून त्या बुट्टीच्या काठावरच टेकली. "ऱ्हाऊ दे पावणं. बाई निजल्यात, कशापायी उठवायचं त्यास्नी?" मला वाटलं, कानडी मुलूख जवळ आला, तिला म्हणायचं असेल भलतंच काहीतरी.

धारवाडच्या पुढं तिकीट तपासनीस आला. त्यानं तिन्ही तिकिटं बघून परत दिली आणि हात तसाच पुढं ठेवला. "चौथं?" मी म्हटलं, तिघंच आहोत. तो रिकाम्या जागेकडं बघत राहिला आणि म्हणाला, "आत्ता होत्या न्हवं इथं?" मग मान हलवत पुढं गेला. इथं मद्रासला खानावळीत तीन पानं सांगितली तर वाढप्यानं चार मांडली. वसंता म्हणाला, चौथं मी खातो. नंदूनं त्याचा हात धरला. "ते तुझं न्हाई," एवढंच म्हणाली.

याला कारण उघड आहे. बाप आणि दोन मोठी मुलं दिसली की लोक मनातल्या मनात आई धरून चालतात. नंदूची आई जाऊन मार्चमध्ये वर्ष झालं हे त्यांना कुठून ठाऊक असणार? माणसाचं डोकं हिशेब पुरा करून घेतं. वर्गात पोरं हेच करतात आणि छडी खातात.

रामेश्वराजवळून जाताय तर तिच्या नावानं तिथं काहीतरी करा, असं तू बजावलं होतंस. बघू. जे करायचं ते सगळं पंचगंगेवर करून झालंय. पुन्हा पुन्हा त्याच पायऱ्या कशाला उतरायच्या?

आज संध्याकाळी पुढची गाडी. ती थेट समुद्रापर्यंत नेते, मग दोन तास बोट, आणि बोटीतून उतरलं की पलीकडं सिलोनची गाडी उभीच असते म्हणे. परदेशाला चाललोय असं वाटतच नाही, जेऊरला चाललोय असं वाटतं. कोलंबोच्या माझ्या नव्या शाळेचा पत्ता तुझ्याकडं आहेच.

तुझा,
अंबादास

ता. क. नंदूला जरा कणकण आहे. उन्हाची असेल.


तपासणी छावणी, समुद्राअलीकडं,
ता. १० मे १९५४

ती. अक्का,

नमस्कार. आम्ही अजून याच तीरावर आहोत. घाबरू नकोस, असं लिहिणार होतो, पण तुला खोटं लिहिलेलं कळतं.

सिलोनला जाणाऱ्यांची इथं तपासणी होते. ताप असला तर बोटीवर चढू देत नाहीत. नंदूला परवा उतरल्यापासून ताप आहे, काल एकशे चार होता. तिला बायकांच्या दवाखान्यात ठेवलंय. लांबट खोली, छपराला झावळ्या, सगळीकडं वाळू. वसंता आता स्टेशन बघत हिंडत नाही. माझ्या शेजारी बसून असतो आणि कुणी आलं की उठून उभा राहतो.

ताप हे एक झालं. दुसरी अडचण अशी की इथल्या वहीत आम्ही चौघं आहोत.

उतरलो त्या दिवशी कारकुनानं रांगेत उभं करून मोजलं आणि लिहिलं: पुरुष दोन, स्त्रिया दोन. मग इंग्रजीत परवाने मागितले. ते तीन. "चौथ्या बाईंचे कागद?" मी म्हटलं, चौथ्या बाई नाहीत. तो म्हणाला, "मी स्वतः मोजल्या. ट्रंकेवर बसल्या होत्या. हिरवं लुगडं."

अक्का, नंदूच्या आईला शेवटचं हिरवं लुगडं कुणी नेसवलं होतं तुला माहीत आहे. तूच नेसवलं होतंस, आणि निऱ्या नीट येईनात म्हणून दोनदा सोडून पुन्हा घातल्या होत्यास.

माझा आवाज चढला. मी त्या माणसाला पुन्हा मोजायला लावलं. सभ्य माणूस आहे, चिडला नाही. एकेकाकडं बोट करत गेला. मी, वसंता, नंदू. मग बोट नंदूच्या पलीकडं सरकलं आणि तिथं थांबलं. त्यानं चष्मा काढून पुसला. त्या जागी माझ्या दृष्टीला काही नव्हतं, फक्त ट्रंक होती. मी शपथेवर सांगतो, मला काही दिसलं नाही. मला सोडून सगळ्यांना दिसावं याचाच मला राग आला.

आता तो म्हणतो, वहीतली संख्या अशी खोडता येत नाही. चौथी बाई कोण, कुठं आहे, ते लिहून द्या, म्हणजे तीन करतो. एका ओळीचं काम. "माझी पत्नी अमुक, अमुक तारखेस मृत्यू पावली. ती आमच्याबरोबर नाही." चार वेळा कागद पुढं ओढला. नाव लिहायला लागतं, आणि मी तिचं नाव कधी घेतलेलं नाही, लग्नातला उखाणा सोडला तर. पण खरी अडचण नावाची नाही. दुसऱ्या वाक्याची आहे. ते खरं आहे का नाही हे मला ठरवता येत नाही.

आज दुपारी दवाखान्यात गेलो. पुरुषांना आत सोडत नाहीत, दारातनं बघायचं. तिथली आया तमिळ बोलते, मला एक अक्षर कळत नाही. तिनं मला बघून हातानं वारा घातल्यासारखं केलं, नंदूच्या खाटेकडं बोट दाखवलं आणि हसून म्हणाली, "अम्मा, अम्मा." एवढं कळायला तमिळ यावं लागत नाही.

नंदूनं डोळे उघडले. म्हणाली, "बाबा, हात सोडा की तिचा. किती घट्ट धरलाय. दुखतोय तिला."

माझा हात तेव्हा कोटाच्या खिशात होता.

अक्का, गेलेल्या माणसाचा जीवखडा दहाव्याला नदीत सोडायचा राहिला तर पुढं काय करतात? एका ओळखीच्या माणसासाठी विचारतोय. उत्तर कोलंबोच्या पत्त्यावर धाड, काही झालं तरी तिकडून मला कळेल.

अंबादास


कोलंबो,
ता. २७ मे १९५४

ती. अक्का,

तुझं वीस तारखेचं पत्र आज आलं. शाळेतच मिळालं. वर्ग रिकामा झाल्यावर वाचलं आणि तिथंच बाकावर बसून हे लिहितोय. मुलांना घरी कळवलंय की मला उशीर होईल.

नमस्कार करायचा राहिला. करतो.

तू लिहिलंस: "मंगळवारी दुपारी भांडी घासत हुते. दारातनं हाक आली, वन्सं. आवाज तिचाच. मी ओ दिली न्हाई. बुधवारी पुन्ना. बेस्तरवारी पुन्ना. जाऊन बघते तर कुणी न्हाई, उंबरा ओला. हे काय हाय रं अंबादास? तू तिकडं काय करून बसलास?"

सांगतो. ओळखीचा माणूस वगैरे कुणी नाही, हे तू ओळखलं असशीलच.

दहाव्या दिवशी घाटावर कावळा शिवेना, ते तुला आठवतं. अर्धा तास ऊन खात सगळे उभे होतो. तिचा भाऊ बाळासो पुढं होऊन म्हणाला, पोरांना काही कमी पडू देणार नाही. कावळा झाडावरच. तू म्हणालीस, संसार मी बघीन. तो हलला नाही. भटजी दर्भाचा कावळा करायला लागले. मला असल्या गोष्टींची चीड, तरी मी वाकलो आणि पिंडाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटलो, आणि तो सरळ येऊन शिवला. तू विचारलंस, काय कबूल केलंस? मी म्हटलं, नंदूला कॉलेजात घालीन. वर्षभर तू गल्लीत सांगत सुटलीस की माझा भाऊ बघा कसा आहे.

मी ते म्हणालो नव्हतो. मी म्हणालो होतो, "तुला सोडणार नाही."

का म्हणालो तेही आजच सांगतो. ती गेली त्या सकाळी दवाखान्यात म्हणाली होती, आज शाळेला जाऊ नका. ती एकटं राहायला भ्यायची. घरात सुद्धा शेजारणीला बोलावून ठेवायची, तू हसायचीस तिला. मॅट्रिकचे पेपर होते, माझ्यावाचून परीक्षा अडणार होती असं मला वाटत होतं. मी म्हटलं, दुपारी येतो. पहिला पेपर संपायच्या आत निरोप आला. खाटेजवळ कुणी नव्हतं, अक्का. तू डबा आणायला घरी गेली होतीस आणि मी पोरांवर लक्ष ठेवून फेऱ्या मारत होतो.

म्हणून तसं म्हणालो. आणि म्हणालो म्हणून जीवखडा सोडवेना. सगळ्यांच्या देखत पाण्यात टाकला तो पायरीवरचा कसला तरी दगड होता. तिचा खडा माझ्या मुठीत होता, मग खिशात, मग वर्षभर खिशातच. स्टेशनावर तुला दाखवला तो तोच. तू सोबतीला चौथा घे म्हणालीस, आणि मला बरं वाटलं. वाटलं, आता ती चोरून यायला नको. तुझ्या परवानगीनं येईल.

छावणीत ती ओळ शेवटी अकरा तारखेला लिहून दिली. मथुरा हे नाव माझ्या अक्षरात पहिल्यांदा बघितलं. कारकुनानं चाराचे तीन केले. नंदूचा ताप नव्याण्णववर आला तसा तेराला आम्हांला बोटीवर चढवलं. पण किनारा दिसेनासा झाला आणि तिचं अंग पुन्हा भाजायला लागलं. पलीकडं दुसरा डॉक्टर बसलेला असतो. त्याच्या हाताला तापलेलं अंग लागलं की परत पाठवणी, आणि त्या अंगानं परत जायचं म्हणजे काय ते मला दिसत होतं. नंदूचे ओठ सुकले होते. ती कठड्याला टेकून उभी होती आणि तिच्या आईसारखं, पदर नसताना, डोक्यावरून हात फिरवून पदर सारखा करत होती. वसंतानं ते बघितलं आणि पहिल्यांदा रडला. "बाबा, नंदूआक्कीला न्यायला आल्याय का ती?" तो म्हणाला.

न्यायला आली नव्हती. मी सोडत नव्हतो, म्हणून ती पोरीला धरून होती. ज्याला बुडायचं नसतं तो जवळचं धरतो. पण त्यात पोरगी चालली होती.

मी खडा काढला. आता नीट निरोप द्यायचा, असं ठरवलं. जा म्हणायचं. स्पष्ट. एवढ्या एका शब्दासाठी मी वर्षभर थांबवलं होतं तिला. हात उचलला, खडा पाण्यात पडला, आणि तोंडातून निघून गेलं, "ये."

आपल्या घरात कुणी उंबऱ्याबाहेर पडलं की ये म्हणायचं, जा म्हणायचं नाही. लहानपणापासून तूच वळण लावलंस. ती माहेरी निघाली की मी वर्तमानपत्रातून डोकं न काढता तेवढंच म्हणायचो, ये. आणि ती यायची. एकदाही राहून गेली नाही.

पलीकडं उतरलो. डॉक्टरनं नंदूच्या कपाळाला हात लावला आणि पुढं जा म्हणाला, ती घामानं भिजली होती. मोजणाऱ्यानं मोजलं, तीन. कोलंबोच्या गाडीत आमच्या समोर खिडकीची जागा होती. एक जाड बाई आली आणि काही न विचारता तिथं बसली, पाय लांब करून. मला तिला उठवावंसं वाटलं. वसंतानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

इथं आल्यापासून नंदू बरी आहे. हसते सुद्धा. मला वाटलं संपलं. तुझं पत्र आलं आणि मी काय केलं असेल सांग? हिशेब केला. आम्ही बोटीवर चढलो त्या धक्क्यापासून कोल्हापूर गाडीनं पाच दिवस. तेरा अधिक पाच अठरा. अठराला मंगळवार होता.

म्हणजे ये म्हटल्यावर ती आली. दुसरं घर तिला कुठलं ठाऊक आहे? पण अक्का, तिनं जन्मात कधी एकटीनं प्रवास केला नव्हता. मद्रासला एका स्टेशनावरून दुसऱ्या स्टेशनावर जावं लागतं. मिरजेला गाडी बदलावी लागते. तिला वाचायला येत होतं ते फक्त मराठी. कुणाला विचारलं असेल तिनं? कुणी जागा दिली असेल का? मी तिला समुद्राच्या मधोमध उतरवली आणि मुलांना घेऊन पुढं निघून आलो.

पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते हे मला माहीत आहे. तू दिली नाहीस ते बरोबर केलंस. पण आता दे. तुला भीती वाटेल, वाटू दे, मलाही वाटते. तुझ्यावाचून मी हे कुणाला सांगू? तिनं पुन्हा हाक मारली की ओ दे आणि दार उघड. तिला आत घे, पाणी दे. सांग की नंदूचा ताप उतरला, वसंता जेवतो. मी का आलो नाही असं ती विचारेल. काय सांगायचं ते तुझं तू बघ, पण शाळा होती असं सांगू नकोस.

मग तिच्याबरोबर घाटापर्यंत चालत जा. गंगावेशीतनं पुढं वर्दळ असते, तिला गर्दीत एकटी टाकू नकोस. लोक बघतील, म्हातारी कुणाशी बोलत चाललीय म्हणतील. म्हणू देत. पायऱ्या उतरून पाण्याशी आलात की मला जे जमलं नाही ते तू म्हण. तुझ्या नेहमीच्या आवाजात म्हण, हळू म्हणू नकोस, तिला नीट ऐकू जाऊ दे. आणि ती पाण्यात पुरती उतरेपर्यंत तिथून हलू नकोस.

मुलांचा तुला नमस्कार. हे पत्र त्यांना माहीत नाही.

तिला दोनदा एकटी सोडलेला,
तुझा भाऊ,
अंबादास